शिमग्यातले पुरण आणि हंडीतला पुलाव

शिमग्याचे दिवस होते. काशीबाई कानिटकरांनी दिलेली चिठ्ठी घेऊन गोखले आडनावाची एक बाई शिर्डीला आली. चिठ्ठी शिर्डीत राहणाऱ्या दादा केळकरांच्या नावे होती. साईबाबांच्या पायाशी तीन दिवस निराहार बसायचे, असा तिचा निश्चय होता. ती येण्याच्या आदल्याच दिवशी बाबा केळकरांजवळ बोलून गेले होते, की सणाच्या दिवसांत आपली लेकरे उपाशी राहणार असतील, तर आपण इथे बसून उपयोग काय? दुसऱ्या दिवशी केळकर तिला घेऊन मशिदीत आले, तेव्हा बाबांनी तिचा बेत ऐकून घेतला नाही, त्यावर वादही घातला नाही. दादाभटाच्या घरी जा, पुरणपोळ्या कर, त्याच्या पोरांना वाढ आणि तूही जेव, एवढेच सांगितले. दादाभट म्हणजे दादा केळकरच. त्यांची बायको त्या दिवशी कडेला बसली होती, आणि घरात स्वयंपाकाला दुसरे कोणी नव्हते. बाई केळकरांच्या घरी गेली, तिने पुरण घातले, सगळे जेवले.

'श्रीसाईसच्चरिता'च्या ३२ व्या अध्यायातला हा प्रसंग आज फारसा कोणी सांगत नाही. सांगितले जाते ते त्याच्या आगेमागे असलेले तात्पर्य: उपाशीपोटी देव भेटत नाही, आधी जीव शांत करावा. हे तात्पर्य प्रवचनांत येते, गुरुवारच्या उपासाविषयी घराघरांत वाद होतो तेव्हा पुरावा म्हणून पुढे केले जाते, आणि उपास मोडायला किंवा हलका करायला आधार म्हणूनही वापरले जाते. केळकरांची चूल मात्र त्यातून गळून पडते. माझ्या मते त्या उपदेशाचा अर्थ त्या चुलीपाशीच आहे. सणाच्या दिवशी एका घरात पोरे आहेत, पुरण घालायला हात नाहीत, आणि दोन हात मशिदीत उपाशी बसायला निघाले आहेत. बाबांनी त्या हातांना काम दिले. या आज्ञेत 'उपास वाईट' असा सिद्धांत नाही. पोरांनी जेवायला हवे, आणि ती पोरे जेवू घालणारीनेही जेवायला हवे, एवढे त्यात नक्की आहे.

साईबाबांचे खाण्यापिण्याविषयीचे शब्द वाचताना अशी फोड सतत करावी लागते. बाबांनी स्वतः काही लिहिले नाही. १५ ऑक्टोबर १९१८ ला, दसऱ्याच्या दिवशी, त्यांनी देह ठेवला. जे उरले ते दुसऱ्यांच्या हातचे आहे, आणि प्रत्येक हाताचे वळण निराळे आहे.

त्यांत मुख्य हात गोविंद रघुनाथ दाभोलकरांचा. बाबांनी त्यांना हेमाडपंत हे नाव दिले. जन्म १८५९ चा, ब्राह्मण घरातला. नोकरी सरकारी, वांद्र्याला मॅजिस्ट्रेट. बाबांचे भक्त नानासाहेब चांदोरकर आणि काकासाहेब दीक्षित यांच्या आग्रहाने ते पहिल्यांदा शिर्डीला गेले ते १९१० साली. बाबांच्या कथा लिहून ठेवायची परवानगी त्यांनी माधवराव देशपांड्यांच्या, म्हणजे शामाच्या, मध्यस्थीने मिळवली. पण अध्याय छापून येऊ लागले ते बाबांच्या मागे, १९२३ साली सुरू झालेल्या 'श्रीसाईलीला' मासिकातून. जुलै १९२९ मध्ये दाभोलकर वारले. शेवटचा अवतरणिकेचा अध्याय बाळकृष्ण विश्वनाथ देव यांनी पुरा केला आणि १९३० साली ग्रंथ पुस्तकरूपाने निघाला. नऊ हजारांहून जास्त ओव्या. प्रेमाने लिहिलेला, आणि मॅजिस्ट्रेटने लिहिलेला ग्रंथ आहे हा. कोण आले, कोणाची चिठ्ठी घेऊन आले, कोणाच्या घरी उतरले, हे सांगितल्याशिवाय दाभोलकरांना पुढे जाववत नाही. ही सवय आज आपल्या फार कामी येते.

दुसरा हात दादासाहेब खापर्ड्यांचा. अमरावतीचे वकील, टिळकांचे साथीदार. डिसेंबर १९१० मध्ये ते आठवडाभर शिर्डीत होते, आणि पुन्हा ६ डिसेंबर १९११ पासून १५ मार्च १९१२ पर्यंत. ते रोज इंग्रजीत रोजनिशी लिहीत. आरती, मशिदीतली बैठक, दीक्षितांच्या वाड्यातले पंचदशीचे वाचन, भीष्म नावाच्या भक्ताचे भजन, दुपारच्या आरतीनंतर लांबलेली जेवणे हे सगळे त्या त्या दिवशीच्या तारखेखाली आहे. तात्पर्य काढायची घाई तिथे दिसत नाही.

तिसरा हात बी. व्ही. नरसिंहस्वामींचा. सेलमचे हे वकील संन्यासी होऊन महाराष्ट्रात आले आणि १९३६ साली हयात असलेल्या भक्तांना भेटून त्यांनी त्यांच्या हकीकती उतरवून घेतल्या. जबानी घ्यावी तशा त्या आहेत: नाव, गाव, धंदा, मग घडले ते. पण त्या घडल्यानंतर वीस-तीस वर्षांनी सांगितलेल्या, आणि मराठीतून इंग्रजीत गेलेल्या.

तेव्हा एखादा उपदेश समोर आला, की तो सांगणाऱ्याने पाहिलेला आहे, ऐकलेला आहे, की त्याच्या विवेचनातून आलेला आहे, हे आधी पाहावे लागते. गोखलेबाईंच्या प्रसंगात हे तीन थर स्वच्छ वेगळे करता येतात. केळकरांचे घर, चिठ्ठी, शिमगा, पुरण हा ऐकीव भाग, पण तो घरातल्या माणसाकडून आलेला दिसतो. बायको कडेला बसली होती, हा तपशील घरचा माणूसच सांगेल, आणि धर्माचे तात्पर्य रचणाऱ्याला त्याची गरज नसते. याउलट इंद्रियांना पोषण हवे, फार खाऊ नये आणि उपाशीही राहू नये, बेताचा आहार शरीराला आणि मनाला मानवतो, हा भाग विवेचनाचा. त्याचे वळण थेट गीतेच्या सहाव्या अध्यायातल्या युक्ताहाराच्या विचाराचे आहे, आणि दाभोलकर गीतेत मुरलेले होते. बाबा तसे बोलले नसतील असे मी म्हणत नाही. पण तो भाग पुरणाइतका पक्का नाही.

'बाबा स्वतः उपास करीत नसत आणि दुसऱ्यालाही करू देत नसत,' असे दाभोलकर त्याच ठिकाणी सर्वसाधारण विधान म्हणून सांगतात. त्यामागे त्यांचे आठ वर्षांचे पाहणे आहे, म्हणून ते हलक्याने घेता येत नाही. मात्र अध्यायात त्याला उदाहरण येते ते एकच, या बाईचे. याच अध्यायाच्या आरंभी बाबांच्या तोंडची एक जुनी गोष्ट आहे. चौघे जण देवाच्या शोधात रान तुडवीत असतात. वाटेत एक वणजारी त्यांना भाकरी देऊ करतो. ते ती नाकारतात आणि वाट चुकतात. दुसऱ्यांदा भेटल्यावर सांगणारा एकटा ती भाकरी घेतो, आणि त्याला गुरू भेटतो. गोष्टीत भाकरी देणारा हातच महत्त्वाचा आहे. शोधात निघालेल्यांना वाटते, की खाण्यासाठी थांबणे म्हणजे वेळ घालवणे. दिलेले अन्न नाकारण्यात जो ताठा असतो, त्याच्याकडे ही गोष्ट बोट दाखवते. गोखलेबाईंची हकीकत तिच्यापाठोपाठ ठेवण्यात दाभोलकरांची दृष्टी मला अचूक वाटते.

बाबांचे स्वतःचे खाणे कसे होते, हे पाहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. आठव्या अध्यायात त्याचा तपशील आहे. ते भिक्षेवर जगले. ठरलेली मोजकी घरे, खांद्याला झोळी, हातात टमरेल. भाकरी-पोळी झोळीत, आमटी-ताक-दूध टमरेलात, आणि सगळे एकत्र. आणलेले अन्न मशिदीतल्या कोळंब्यात ओतून ठेवायचे. त्यात कुत्रा तोंड घाली, कावळा चोच मारी, मशीद झाडणारी बाई त्यातून भाकरी घेऊन जाई, कोणाला हाकलायचे नाही. बाबांच्या आहाराविषयी वाद घालणाऱ्यांनी हे चित्र डोळ्यांसमोर ठेवावे. भिक्षेकऱ्याला पथ्य नसते. त्याच्या ताटातला जिन्नस गाव ठरवते. कोपरगाव तालुक्यातल्या त्या काळच्या शेतकरी घरात जे रांधले जाई, ते बाबांच्या पोटात जाई. सात्त्विक-राजस-तामस अशी अन्नाची वर्गवारी गीतेत आहे आणि साधकांच्या घरात ती पाळली जाते. पण टमरेलात एकत्र झालेल्या कालवणाला ती लावणार कशी?

भिक्षेतली शिळी भाकरी आणि कच्चा कांदा, हे बाबांचे खाणे एका पाहुण्याच्या मनात सलले. हा प्रसंग २३ व्या अध्यायात आहे. पातंजल योगाचा अभ्यास केलेला एक साधक नानासाहेब चांदोरकरांबरोबर शिर्डीला आला होता. ग्रंथ झाले, आसने झाली, पण समाधी क्षणभरही साधेना. मशिदीत पाऊल टाकले तर समोर बाबा भाकरीबरोबर कांदा खात बसलेले. हा काय मला वाट दाखवणार, असे त्याच्या मनात आले. बाबांनी त्याच्याकडे न पाहता नानांना सांगितले, की ज्याला कांदा पचतो त्याने तो खावा, इतरांनी खाऊ नये. साधक वरमला, पायांवर डोके ठेवले, मग मोकळेपणाने त्याने आपल्या अडचणी विचारल्या.

या एका वाक्यावर दोन्ही बाजूंनी फार मोठे बांधकाम झाले आहे. कोणी म्हणतो, बाबांनी कांदा-लसूण सर्वांना मोकळे केले. कोणी म्हणतो, सिद्धांनाच तो मोकळा, आपण तो सोडलाच पाहिजे. दोघेही विसरतात की साधकाने आहाराविषयी काही विचारलेलेच नव्हते. तो समाधीविषयी विचारायला आला होता, आणि त्याच्या आड त्याचीच एक मोजपट्टी आली होती: ताटावरून माणसाची उंची ठरवायची. बाबांनी ती मोजपट्टी बाजूला केली आणि मग त्याच्या खऱ्या प्रश्नाकडे वळले. दाभोलकरही प्रसंग तिथेच नेतात. साधकाच्या शंका फिटल्या आणि तो समाधानाने परतला, इथे ते थांबतात. कांदा पुन्हा येत नाही. पुराव्याच्या दृष्टीने एक गोष्ट मात्र नोंदवून ठेवायला हवी. ही हकीकत चांदोरकरांच्या साक्षीची आहे, आणि चांदोरकर १९२१ साली वारले. म्हणजे ओव्या छापून येऊ लागल्या तेव्हा साक्षीदार दुरुस्तीला हयात नव्हता.

म्हणूनच कांद्याची दुसरी हकीकत मोलाची आहे, कारण ती ज्याच्यावर बेतली त्यानेच सांगितलेली आहे. मिरजगावचे कृष्णाजी काशीनाथ जोशी, म्हणजे कुशाभाऊ. गुरूकडून मंत्रसिद्धी शिकून ते १९०८ च्या सुमारास बाबांकडे आले. नरसिंहस्वामींपुढे त्यांनी सांगितले ते असे. एकादशी होती. आज काय खातोस, असे बाबांनी विचारले. आज उपास, कंदमूळ तेवढे चालते, असे कुशाभाऊ म्हणाले. बाबांनी कांदा पुढे केला: हा घे कंद. ब्राह्मणाच्या पोराने एकादशीला कांदा खायचा कसा? ते घुटमळले, तेव्हा बाबा म्हणाले, मीही खातो. दोघांनी खाल्ला. तेवढ्यात माणसे आली आणि बाबांनी त्यांच्यासमोर थट्टा मांडली, की हा बामण बघा, एकादशीला कांदा खातो. तुम्हीही खाल्लात की, असे कुशाभाऊ म्हणाले. त्यावर, मी तर रताळे खाल्ले, असे सांगून बाबांनी पोटातून रताळ्याचे तुकडे काढून दाखवले, आणि कुशाभाऊंनी ते प्रसाद म्हणून खाल्ले.

रताळ्याचा चमत्कार श्रद्धेच्या हवाली करावा. इतिहासाला उपयोगी पडते ती कुशाभाऊंची फजिती. अठ्ठावीस वर्षांनंतर परप्रांतातून आलेल्या एका संन्याशापुढे माणूस स्वतःची फजिती विनाकारण रचून सांगत नाही. शिवाय दाभोलकरांच्या ग्रंथाशी संबंध न येता आलेली ही साक्ष त्याच ठिकाणी पोचते. योगाभ्यासी साधक काय, मंत्रसिद्धी शिकलेले कुशाभाऊ काय, दोघांनाही आपल्या ताटातल्या शुद्धतेचा आधार होता. दोघांच्याही बाबतीत बाबांनी तोच आधार काढून घेतला. आणि एकादशी मोडा, असे शिर्डीतल्या वारकऱ्यांना त्यांनी सांगितले असा अर्थ यातून निघत नाही. कुशाभाऊ एक, तो दिवस एक.

आता बाबा स्वतः शिजवीत ती हंडी. या विषयावर बोलताना आवाज सगळ्यात जास्त चढतात. ३८ व्या अध्यायातली माहिती नीट वाचली तर ती आश्चर्य वाटावे इतकी ठोस आहे. बाबा स्वतः बाजारात जात, धान्य, पीठ, मसाला रोख पैसे देऊन आणत. दळण स्वतः दळत. मशिदीपुढच्या अंगणात चूल मांडत. हंड्या दोन: लहान सुमारे ५० माणसांची, मोठी १०० माणसांची. कधी गोड भात, कधी मांस घातलेला पुलाव, कधी उकळत्या वरणात सोडलेले कणकेचे गोळे. मसाला पाट्यावर वाटायचा. जोंधळ्याच्या पिठाची ताक घालून केलेली अंबील सगळ्यांना सारखी. शिजले की हंडी मशिदीत नेऊन मौलवीकडून फातिहा म्हणवून घ्यायचा, मग पहिला वाटा म्हाळसापती आणि तात्या पाटील या भक्तांना धाडायचा, आणि उरलेले गोरगरिबांना आपल्या हाताने पोटभर वाढायचे.

हे सगळे १९१० च्या आधीचे, असे दाभोलकरच सांगतात. दासगणूंच्या कीर्तनांनी बाबांचे नाव मुंबईपर्यंत गेले, माणसे ताटेच्या ताटे नैवेद्य घेऊन येऊ लागली, फकिरांना आणि गरिबांना त्यातच पुरून उरू लागले, आणि हंडी थांबली. दाभोलकरांचे शिर्डीला जाणे सुरू झाले ते १९१० साली. म्हणजे हंडीचा हा भाग मुख्यतः जुन्या मंडळींकडून ऐकलेला. तरीही एका ब्राह्मण मॅजिस्ट्रेटने मांसाचा पुलाव आणि फातिहा ओवीतून गाळला नाही, याबद्दल मला त्यांच्याविषयी फार आदर वाटतो. गाळणे सोपे होते. १९२० नंतर शिर्डीला येणाऱ्या वाचकांपैकी कितीतरी जणांना ते आवडलेही असते. त्या वाचकांचा प्रश्न त्यांनी स्वतःच ओवीत घेतला आहे: बाबा मांसाचा प्रसाद सगळ्यांना देत होते काय? उत्तर असे, की ज्यांना सवय होती त्यांना तो मिळे, ज्यांना नव्हती त्यांना बाबा त्याला हातही लावू देत नसत, आणि तसली इच्छाही त्यांच्या मनात कधी उपजू देत नसत. या उत्तरावरून बाबांचा पुलाव जसा कळतो, तसाच १९२० नंतरचा वाचकही कळतो. प्रश्न तेव्हाच पेटलेला होता.

पण त्याच अध्यायात दादा केळकरांचे दोन प्रसंग आहेत, आणि ते या उत्तरात सहज बसत नाहीत. केळकर सोवळे पाळणारे. एका एकादशीला बाबांनी त्यांच्या हातावर पैसे ठेवले आणि कोऱ्हाळ्याहून मटण आणायला सांगितले, तेही स्वतः जाऊन. केळकर निघाले. बाबांनी त्यांना परत बोलावले, दुसऱ्या कोणाला पाठव म्हणाले. पांडू नावाचा गडी निघाला, त्यालाही परत बोलावले. त्या दिवशी कोऱ्हाळ्याला कोणी गेलेच नाही. दुसऱ्या एका वेळी बाबांनी केळकरांना विचारले, खारा पुलाव कसा झाला आहे बघ. केळकरांनी वरवर सांगून टाकले, छान झाला आहे. ना डोळ्यांनी पाहिलेस ना जिभेने चाखलेस, मग छान कसे म्हणालास, असे म्हणून बाबांनी त्यांचा हात धरला आणि हंडीत घातला: पळी घे, ताटात काढ, सोवळ्याचा तोरा नको.

दाभोलकर इथे गुरुवचनाची परीक्षा मानतात आणि लगेच जोडतात, की कोणताही संत आपल्या सोवळ्या शिष्याला निषिद्ध खायला लावून विटाळणार नाही. हे जोडणे त्यांचे स्वतःचे आहे, आणि ते का करावेसे वाटले हे समजू शकते. मी मात्र प्रसंगातल्या शब्दांकडे पाहतो. बाबांनी 'खा' म्हटलेले नाही. केळकरांनी खाल्ले, असेही लिहिलेले नाही. बाबांनी पकडले ते न पाहता दिलेले उत्तर. अंग चोरून, नाक वळवून 'छान आहे' म्हणणे हे खोटे बोलणे आहे, आणि गरिबांसाठी रटरटत असलेल्या अन्नाचा तो अपमानही आहे. हात हंडीत गेला तो त्यासाठी. पुढच्या पिढ्यांनी या प्रसंगातून मांसाहाराविषयी काय काय काढले! जे थेट लिहिले आहे ते, पाहिल्याशिवाय बोलू नकोस, एवढे. २३ व्या अध्यायातल्या बोकडाच्या प्रसंगातही बोकड कापण्याची बाबांची आज्ञा होताच काकासाहेब दीक्षितांनी सुरी उचलली, बाबांनी त्यांना थांबवले, आणि बोकड फकिरांच्या तकियाकडे नेताना वाटेतच आपोआप मेला. तिथेही कोणाच्या ताटाचा प्रश्न नाही. आज्ञा आणि माया यांच्यात सापडलेल्या माणसाचा तो प्रसंग आहे, म्हणून इथे त्यावर अधिक लिहीत नाही.

१३ व्या अध्यायातले आजारपणातले उपाय हा आणखी एक गुंता. पटकीने बेजार झालेल्या बापूसाहेब बुट्टींना बाबांनी बदाम, अक्रोड, पिस्ते दुधात शिजवून साखर घालून दिले. जुलाबाने हैराण झालेल्या काका महाजनींना भुईमुगाचे शेंगदाणे खाऊ घातले. वैद्यक दोन्ही ठिकाणी उलटेच सांगेल, आणि दाभोलकरांना नेमके तेच दाखवायचे आहे, की गुण आला तो शब्दाचा. हे उपाय म्हणून उतरवून घेणारे लोक मी पाहिले आहेत. जुलाब होत असलेल्या लेकराला श्रद्धेने शेंगदाणे चारणे घातक आहे. त्या अध्यायाचा कर्ता स्वतःच ते औषध म्हणून देत नाही, तेव्हा आपणही देऊ नये.

दाभोलकरांनी डोळ्यांनी पाहिलेले, स्वतःवर बेतलेले खाण्याचे प्रसंग वेगळे काढले तर ते दोनच उठून दिसतात, आणि दोन्ही अगदी साधे आहेत. पहिला २४ व्या अध्यायातला. शिर्डीचा रविवारचा बाजार. दाभोलकर बाबांचे पाय चेपत बसले होते, आणि त्यांच्या कोटाच्या बाहीतून फुटाणे घरंगळले. ते कुठून आले ते कोणालाच कळेना. बाबा म्हणाले, याला एकट्याने खायची खोड आहे. दाभोलकर कळवळून म्हणाले, मी कधीच जवळच्याला दिल्याशिवाय खात नाही. बाबा म्हणाले, जवळ असतो त्याला देतोस, पण कोणी नसेल तेव्हा माझी आठवण करतोस काय? यावर दाभोलकरांनी पाचही इंद्रियांचे विषय गुरूला आधी अर्पण करण्याचे सविस्तर विवेचन केले आहे आणि सुदाम्याची कथाही जोडली आहे. विवेचन सुंदर आहे. पण माझे मन त्या बाहीतल्या फुटाण्यांपाशीच राहते. साठीकडे झुकलेल्या सरकारी अधिकाऱ्याला सगळ्यांसमोर बोलणी खावी लागली, आणि त्याने ती स्वतःच्या ग्रंथात लिहून ठेवली.

दुसरा प्रसंग हंडीच्याच अध्यायाच्या शेवटी येतो. मशिदीत पोटभर जेवण झाल्यावर बाबांनी दाभोलकरांपुढे ताकाचा पेला धरला. ताक पांढरेशुभ्र, पण पोटात जागा नव्हती. त्यांनी एक घोट घेतला आणि घुटमळले. सगळे पी, पुन्हा असा योग यायचा नाही, असे बाबा म्हणाले. त्यांनी पेला संपवला. थोड्याच दिवसांनी बाबा गेले. ज्या ग्रंथात बेताच्या आहाराचा उपदेश आहे, त्याच ग्रंथात पोट तुडुंब भरलेल्या माणसाला आणखी प्यायला लावणारे बाबाही आहेत. दोन्ही वाक्यांना नियम मानले तर ग्रंथ स्वतःशीच भांडतो. दोन माणसांना, दोन वेळांना सांगितलेले शब्द मानले तर भांडण उरत नाही.

पुढे हे शब्द या माणसांपासून सुटले कसे, तेही कागदांत दिसते. नागेश वासुदेव गुणाजींनी १९४४ साली सच्चरिताचे इंग्रजी रूप केले. ते संक्षिप्त आहे, गद्य आहे, आणि वाचकाच्या सोयीसाठी पोटमथळे घातलेले आहे. ओवीबद्ध अध्याय सलग वाहतो, त्यात कथा आणि विवेचन एकमेकांत मिसळतात, तरी ऐकणाऱ्याला आवाज बदललेला कळतो. गद्यात आणि मथळ्याखाली आल्यावर गोखलेबाईंची हकीकत 'उपवास' या विषयाखालचे उदाहरण होते. देशभर आणि देशाबाहेर साईचरित्र पसरले ते बरेचसे या इंग्रजी रूपातून आणि त्यावरून झालेल्या इतर भाषांतल्या पुस्तकांतून. इंदिरा खेर यांचे ओवीवार इंग्रजी भाषांतर आले ते १९९९ मध्ये. गुणाजींनी मोठे काम केले, त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. पण आपण मराठी वाचकांनी मूळ ओव्या हाताशी असताना संक्षेपावरून वाद घालावा, हे मला खरोखर खटकते.

आज साईभक्त करतात ते नऊ गुरुवारांचे व्रत सच्चरितात नाही. ते नंतरचे, पुस्तिकांमधून पसरलेले. पिवळे वस्त्र, फुले, नैवेद्य, उद्यापनाला गरिबांना जेवण, अशी त्याची मांडणी इतर वारांच्या व्रतांसारखी आहे. पण पुस्तिकांच्या नियमांत एक कलम असते: फलाहार करावा किंवा एक वेळ जेवावे, दिवसभर कडकडीत उपाशी राहून हे व्रत करू नये. व्रताच्या पुस्तिकेत उपाशी राहू नका, असे बजावणारे कलम सहसा आढळत नाही. ते इथे आले ते ३२ व्या अध्यायामुळेच, असे मी मानतो. बाबांचा उपासाविषयीचा शब्द व्रताच्या साच्यात गेला आणि त्याने साचाच थोडा वाकवला. दुसरे कलमही पाहण्यासारखे आहे. उद्यापनाला पाच गरिबांना जेवू घाला, असे सांगितलेले असते. हंडीतून ज्यांना पोटभर वाढले जाई, ते या कलमात पुन्हा पंगतीला बसतात, आणि गोखलेबाईंना दिलेल्या आज्ञेतही दुसऱ्याच्या पोरांना वाढणे आधी होते, स्वतः जेवणे नंतर.

शिर्डीच्या आजच्या प्रसादालयात शाकाहारी जेवण मिळते आणि रोज हजारो माणसे तिथे जेवतात. १९१० पूर्वीच्या हंडीशी ते जुळत नाही, म्हणून त्यावर बोट ठेवणारेही आहेत, आणि हंडीत मांस नव्हतेच असे सांगणारेही आहेत. दुसऱ्या गटाला ३८ वा अध्याय थेट खोटे पाडतो. पहिल्या गटाला उत्तर त्याच अध्यायात आहे: ज्याला जे चालते ते त्याला, आणि अंबील सगळ्यांना सारखी. प्रसादालय कोणाला मांस खायला लावत नाही आणि कोणाला उपाशी ठेवत नाही. त्याला हंडीचा वारसा म्हणायला माझी काही हरकत नाही. हरकत आहे ती हंडीतला फातिहा आणि तात्या पाटलांकडे जाणारा पहिला वाटा वगळून सांगितलेल्या हंडीला. दाभोलकरांनी १९२० नंतरच्या वाचकांची भीड न धरता ते लिहून ठेवले. आज वाचणाऱ्यांनी ते वगळू नये.